पोकळ्यांचा हिशेब : लिथियम टायटॅनेटची स्फटिकरचना

लिथियम टायटॅनेट या नावाने मिळणाऱ्या दोन भुकट्या आहेत. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींत लिथियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन हीच तीन मूलद्रव्ये, आणि दोन्ही एकाच कच्च्या मालापासून भट्टीत तयार होतात. तरी एक जाते झटपट चार्ज होणाऱ्या बॅटरीत, तर दुसरी केंद्रकीय संमीलनाच्या अणुभट्टीसाठी इंधन तयार करायला. एकीचे काम दुसरीला जमत नाही. याचे कारण स्फटिकात कोणता अणू कुठे बसला आहे यात आहे, आणि ते समजून घ्यायला फार गणित लागत नाही. जागा मोजता आल्या की पुरे.

कोणते लिथियम टायटॅनेट?

एका पदार्थात दोन लिथियममागे एक टायटॅनियम आणि तीन ऑक्सिजन असतात. त्याला लिथियम मेटाटायटॅनेट म्हणतात. दुसऱ्यात चार लिथियम, पाच टायटॅनियम आणि बारा ऑक्सिजन असतात. बॅटरीच्या धंद्यात ‘एलटीओ’ म्हटले की हा दुसराच पदार्थ समजायचा. त्याच्या रचनेवरून त्याला स्पिनेल असेही म्हणतात, आणि या लेखात मी तेच नाव वापरणार आहे. याच तीन मूलद्रव्यांची आणखीही संयुगे आहेत. पण सिरॅमिक म्हणून ज्यांचा खरोखर उपयोग होतो आणि ज्यांच्यावर सर्वाधिक काम झाले आहे ती ही दोनच.

आधी ऑक्सिजन

या दोन्ही स्फटिकांत सर्वांत जास्त जागा व्यापतो तो ऑक्सिजन. त्याच्या आयनाची त्रिज्या सुमारे १.४० अँगस्ट्रॉम धरतात. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग.) सहा ऑक्सिजनांच्या मधोमध बसलेल्या लिथियमची त्रिज्या ०.७६ आणि टायटॅनियमची जेमतेम ०.६१ अँगस्ट्रॉम. त्यामुळे मोठ्या ऑक्सिजनांनी आधी रांगा धरायच्या आणि लहान धातूंनी मधल्या फटींत मावायचे, असे चित्र डोळ्यांपुढे आणले तर ते बरेचसे खरे असते.

फळवाला मोसंबी रचतो तेव्हा खालच्या थरातल्या तीन मोसंब्यांच्या खळग्यात वरचे एक बसवतो. ऑक्सिजनचे थरही असेच एकावर एक बसतात. दर तिसऱ्या थरानंतर मांडणी पुन्हा पहिल्यासारखी होते. या रचनेत दोन प्रकारच्या पोकळ्या उरतात. एक चार ऑक्सिजनांच्या मधली, तिला चतुष्फलकी पोकळी म्हणतात. दुसरी सहा ऑक्सिजनांच्या मधली, ती अष्टफलकी. अष्टफलकी पोकळी ऐसपैस असते, चतुष्फलकी लहान. दर ऑक्सिजनमागे अष्टफलकी पोकळी एक आणि चतुष्फलकी दोन, हे प्रमाण ठरलेले आहे. पुढचे सगळे याच प्रमाणावर उभे आहे.

दोन्ही लिथियम टायटॅनेटांमध्ये ऑक्सिजनची मांडणी जवळजवळ सारखीच असते. फरक आहे तो कोणत्या पोकळ्या भरल्या आणि कोणत्या रिकाम्या राहिल्या याचा.

मेटाटायटॅनेट : सगळ्या अष्टफलकी जागा भरलेल्या

मेटाटायटॅनेटमध्ये तीन ऑक्सिजनमागे धातूचे आयनही तीनच : दोन लिथियम, एक टायटॅनियम. म्हणजे अष्टफलकी पोकळ्या तीन आणि त्यांत बसणारेही तीन. सगळ्या भरतात. चतुष्फलकी पोकळ्या सगळ्या रिकाम्या राहतात. सैंधवाच्या, म्हणजे सोडियम क्लोराइडच्या स्फटिकातही असेच असते, म्हणून या मांडणीला सैंधव-रचना म्हणतात.

फक्त सैंधवात एकाच प्रकारचा धातू असतो. इथे दोन आहेत आणि त्यांचा विद्युतभार वेगळा आहे. लिथियमवर एक धनभार, टायटॅनियमवर चार. चार भारांचे आयन एकमेकांना खेटून बसायला नाखूश असतात, त्यामुळे पोकळ्या वाटेल तशा न भरता शिस्तीने भरतात. ऑक्सिजनच्या लागोपाठच्या दोन थरांमध्ये फक्त लिथियम असते. त्याच्या वरच्या फटीत लिथियम आणि टायटॅनियम एकास दोन या प्रमाणात. मग पुन्हा निव्वळ लिथियम. मिश्र थरात प्रत्येक लिथियमभोवती सहा टायटॅनियम असतात आणि टायटॅनियमची षट्कोनी जाळी तयार होते. ही शिस्त पाळताना स्फटिकाची घनीय सममिती मोडते आणि तो एकनताक्ष होतो, म्हणजे त्याच्या एकक कोशिकेतला एक कोन ९० अंशांचा राहत नाही. कोशिकेच्या बाजू सुमारे ५.०६, ८.७९ आणि ९.७५ अँगस्ट्रॉम, आणि तो तिरका कोन सुमारे १००.२ अंश.

एका मिश्र थरातली षट्कोनी जाळी आणि त्याच्या वरच्या मिश्र थरातली जाळी यांच्यामध्ये निव्वळ लिथियमचा थर असल्यामुळे वरच्या जाळीला खालच्या जाळीची जाणीव फारशी पोहोचत नाही. ती योग्य जागी बसली काय किंवा थोडी सरकून बसली काय, ऊर्जेत मोठा फरक पडत नाही. म्हणून प्रत्यक्षातल्या नमुन्यांत जाळ्या अनेकदा सरकलेल्या सापडतात. याला रचण-दोष म्हणता येईल. मेटाटायटॅनेटचा निर्दोष स्फटिक पाठ्यपुस्तकात असतो. प्रयोगशाळेतल्या भुकटीत हे दोष कमीअधिक प्रमाणात असतातच, आणि ते किती आहेत यावरून ती भुकटी किती तापमानावर भाजली होती याचा अंदाज बांधता येतो.

ही शिस्तबद्ध रचना ‘बीटा’ या नावाने ओळखली जाते. पदार्थ कमी तापमानात बनवला तर लिथियम आणि टायटॅनियम पोकळ्यांत सरमिसळ बसतात आणि स्फटिक घनीय राहतो. ही ‘अल्फा’ अवस्था टिकाऊ नसते, तापवल्यावर तिची बीटा होते. बीटा तापवत नेली की ११५५ अंश सेल्सिअसच्या सुमारास उष्णतेपुढे भारांची शिस्त मोडते, पुन्हा सरमिसळ होते आणि स्फटिक पुन्हा घनीय होतो. ती ‘गॅमा’.

स्पिनेल : रिकाम्या जागांची रचना

आता बारा ऑक्सिजनवाल्या पदार्थाकडे येऊ. बारा ऑक्सिजनमागे अष्टफलकी पोकळ्या १२ आणि चतुष्फलकी २४. बसणारे धातू मात्र नऊच : चार लिथियम आणि पाच टायटॅनियम. म्हणजे इथे जागा जास्त, बसणारे कमी.

यातले तीन लिथियम चतुष्फलकी पोकळ्यांत जातात. उरलेला एक लिथियम आणि पाचही टायटॅनियम अष्टफलकी पोकळ्यांत. म्हणजे चतुष्फलकी पोकळ्यांपैकी एक अष्टमांश आणि अष्टफलकींपैकी निम्म्या भरल्या. स्पिनेल नावाचे खनिज म्हणजे मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. त्यातही हेच प्रमाण असते, म्हणून हे नाव पडले. कोशिका घनीय असते आणि तिची बाजू ८.३६ अँगस्ट्रॉम.

स्फटिकशास्त्रात या जागांना क्रमांक असतात. लिथियम बसलेल्या चतुष्फलकी जागा ८-ए. भरलेल्या अष्टफलकी जागा १६-डी, ज्यांवर दर सहा जागांमागे एक लिथियम आणि पाच टायटॅनियम विखुरलेले असतात. आणि रिकाम्या अष्टफलकी जागा १६-सी. या पदार्थाची सारी किमया या रिकाम्या १६-सी जागांमध्ये आहे.

१६-डी जागांवरचा तो एकुलता लिथियम काढून तिथेही टायटॅनियम बसवले, तर एक लिथियम, दोन टायटॅनियम आणि चार ऑक्सिजन असे वेगळे स्पिनेल मिळते. ते धातूसारखे वीज वाहते आणि सुमारे १२ केल्विनच्या खाली अतिसंवाहक होते. १९७३ साली जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवले. आपले पांढरे स्पिनेल मात्र विजेचा जवळजवळ निरोधक आहे. दर सहा जागांपैकी एका जागेवरचा अणू बदलतो आणि निरोधकाचा अतिसंवाहक होतो. स्फटिकरचनेचा अभ्यास का करायचा, असे कुणी विचारले तर मला हे उदाहरण पुरेसे वाटते.

बॅटरी चार्ज होते तेव्हा

बॅटरी चार्ज करताना ऋण अग्रात लिथियमचे आयन शिरतात. नेहमीच्या बॅटरीत हे अग्र ग्रॅफाइटचे असते. लिथियमने भरल्यावर ग्रॅफाइटचे आकारमान साधारण दहा टक्क्यांनी वाढते आणि रिकामे झाल्यावर पुन्हा घटते. हजारो वेळा असे फुगणे-आकसणे झाले की कण तडकू लागतात आणि त्यांच्यावरचा संरक्षक थर पुन्हा पुन्हा मोडून बनत राहतो.

स्पिनेलमध्ये काय घडते ते पाहा. बारा ऑक्सिजनमागे बाहेरून तीन लिथियम आत येतात आणि रिकाम्या १६-सी जागांवर बसतात. पण १६-सी जागा आणि शेजारची ८-ए जागा यांच्यात अंतर किती? कोशिकेच्या ८.३६ या बाजूवरून हिशेब केला तर सुमारे १.८१ अँगस्ट्रॉम. दोन धनभारित लिथियम इतक्या जवळ सुखाने राहू शकत नाहीत. म्हणून आधीपासून ८-एवर असलेले तीन लिथियमही आपली जागा सोडून १६-सीवर सरकतात. १६-सी जागा सहा, नवे तीन आणि जुने तीन मिळून आयनही सहा. चतुष्फलकी पोकळ्या रिकाम्या झाल्या आणि बाराच्या बारा अष्टफलकी पोकळ्या भरल्या. म्हणजे पुन्हा सैंधव-रचना. पूर्ण चार्ज झालेल्या स्पिनेलमध्ये आयनांच्या जागा मेटाटायटॅनेटसारख्याच भरलेल्या असतात. षट्कोनी जाळीची शिस्त तेवढी नसते.

एवढी मोठी हालचाल होऊनही ऑक्सिजनचा सांगाडा जागच्या जागी राहतो. कोशिकेची बाजू बदलते ती अँगस्ट्रॉमच्या तिसऱ्या दशांश स्थानी, आणि आकारमानातला फरक सुमारे ०.२ टक्के. जपानचे त्सुतोमु ओझुकू आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली या गुणाला ‘शून्य-ताण’ हे नाव दिले. या शब्दामुळे स्फटिकात काहीच घडत नाही असा समज होऊ शकतो, म्हणून तो मला थोडा अपुरा वाटतो. आत धावपळ बरीच होते. जागा सोडणारे आणि जागा घेणारे यांचे हिशेब जुळतात, म्हणून बाहेरचे माप बदलत नाही.

दोन अवस्थांच्या मधले मिश्रण स्फटिकाला मानवत नाही. एकाच कणात काही भाग स्पिनेल आणि काही भाग सैंधव-रचनेचा असतो, आणि त्यांच्यामधली सीमा पुढे सरकत जाते. म्हणूनच चार्ज होताना विद्युतदाब जवळजवळ सगळा वेळ १.५५ व्होल्टवर स्थिर राहतो. (तो धातुरूप लिथियमच्या तुलनेत मोजतात.) आता एक कोडे उरते. दोन्ही टोकांच्या अवस्थांत लिथियमची हालचाल संथ असते असे मोजमाप सांगते, मग हा पदार्थ इतका भरभर चार्ज होतो कसा? २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने त्याचे उत्तर दिले. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेचे संशोधक त्यात सहभागी होते. सीमेवर काही काळ लिथियम ८-ए आणि १६-सी या दोन्ही शेजारच्या जागांवर, वेड्यावाकड्या झालेल्या पोकळ्यांत, दाटीवाटीने असतात. ही अवघडलेली स्थिती त्यांना पुढे सरकायला सोपी वाट देते.

पांढऱ्याचे निळे

तीन लिथियमबरोबर तीन इलेक्ट्रॉनही आत येतात आणि ते टायटॅनियमकडे जातात. पाचपैकी तीन टायटॅनियमचा धनभार चारवरून तीनवर येतो. हे इलेक्ट्रॉन दृश्य प्रकाशाचा काही भाग शोषतात, त्यामुळे पांढरी भुकटी गडद निळी होते आणि वीजही चांगली वाहू लागते. लिथियम बाहेर काढले की पुन्हा पांढरी.

मेटाटायटॅनेटच्या गोळ्यांनाही हायड्रोजन असलेल्या वायूत तापवले की निळसर-करडी छटा येते. तिथे लिथियम शिरत नाही, ऑक्सिजन थोडासा निघून जातो आणि त्याचे इलेक्ट्रॉन टायटॅनियमला मिळतात. भट्टीतून निघालेली वडी पाहून ती कोणत्या वायूत तापली होती हे ओळखायची ही सोपी खूण आहे.

या गुणांची किंमत

१.५५ व्होल्ट हा आकडा बॅटरी बनवणाऱ्यासाठी वरदानही आहे आणि अडचणही. ग्रॅफाइट धातुरूप लिथियमच्या अगदी जवळच्या विद्युतदाबावर काम करते. थंडीत किंवा घाईने चार्ज केले तर त्याच्या पृष्ठभागावर लिथियमचा धातू साचू शकतो, आणि त्यातून आतल्या आत शॉर्टसर्किट होण्याचा धोका असतो. स्पिनेलमध्ये तो धोका फारच कमी. पण दुसऱ्या अग्राशी विद्युतदाबाचा फरकही घटतो, त्यामुळे घटाचा दाब ३.७च्या आसपास असायचा तो साधारण २.३ ते २.४ व्होल्ट मिळतो. शिवाय एका ग्रॅममध्ये मावणारा विद्युतभार १७५ मिलिअँपिअर-तास, ग्रॅफाइटमध्ये तो ३७२. मोबाइलमध्ये एलटीओ दिसत नाही ते याच कारणाने. तोशिबाने २००८ साली एससीआयबी या नावाने असे घट बाजारात आणले. वजनापेक्षा दीर्घायुष्य आणि सुरक्षितता जिथे महत्त्वाची तिथे ते वापरले जातात. जपानच्या शिन्कान्सेनच्या एन७००एस गाडीत वीज गेली तर गाडी सुरक्षित जागी नेण्यासाठी हेच घट बसवले आहेत.

क्ष-किरण जिथे थकतात

भुकटी कोणती हे ठरवायचे साधन म्हणजे क्ष-किरण विवर्तन. तांब्याच्या क्ष-किरणांनी आलेख काढला तर स्पिनेलचे पहिले मोठे शिखर १८.४ अंशांवर येते. मेटाटायटॅनेटचे १८.५वर. त्यानंतरची मोठी शिखरेही अशीच जवळजवळ येतात. कारण उघड आहे : ही शिखरे मुख्यतः थरांमधल्या अंतरावरून ठरतात, आणि ऑक्सिजनचे थर दोन्हींत सारखेच आहेत. ऑक्सिजनच्या दर दोन थरांचे अंतर दोन्हींत सुमारे ४.८ अँगस्ट्रॉम.

मग नजर न्यायची ती २० ते २२ अंशांच्या पट्ट्यात. मेटाटायटॅनेटमध्ये तिथे लहान शिखरांचा एक गट असतो. तो षट्कोनी जाळीमुळे येतो. स्पिनेलमध्ये तो पट्टा सपाट असतो. याच गटात रचण-दोषही दिसतात. जाळ्या सरकलेल्या असतील तर ही शिखरे वेगवेगळी न दिसता एकमेकांत मिसळतात, आणि डावीकडे उभा कडा व उजवीकडे लांबत गेलेला उतार असा एकच फुगवटा उरतो. जास्त तापमानावर भाजलेल्या नमुन्यात तीच शिखरे सुटी आणि टोकदार होतात.

स्पिनेलच्या आलेखात ३० अंशांजवळही बघण्यासारखे आहे. इतर स्पिनेलांमध्ये तिथे एक ठळक शिखर असते आणि ते चतुष्फलकी जागांवर कोण बसले आहे हे सांगते. इथे ते जवळजवळ दिसतच नाही, कारण त्या जागांवर लिथियम आहे. क्ष-किरणांना इलेक्ट्रॉन दिसतात, आणि लिथियमच्या आयनाजवळ ते दोनच. ऑक्सिजनकडे १०, टायटॅनियमकडे १८.

लिथियमची जागा खात्रीने सांगायची तर न्यूट्रॉन लागतात. न्यूट्रॉन केंद्रकावरून विखुरतात. त्या विखुरण्याचे माप लिथियमसाठी सुमारे उणे १.९, टायटॅनियमसाठी उणे ३.४ आणि ऑक्सिजनसाठी अधिक ५.८ फेमटोमीटर आहे. म्हणजे लिथियम इथे लपत नाही, आणि धातू व ऑक्सिजन यांची चिन्हेही विरुद्ध आहेत. अडचण एकच : निसर्गातल्या लिथियममध्ये सुमारे साडेसात टक्के असलेला लिथियम-६ हा समस्थानिक न्यूट्रॉन गिळून टाकतो. म्हणून असे प्रयोग शक्यतो लिथियम-७ने समृद्ध केलेल्या नमुन्यांवर करतात. भारतात न्यूट्रॉन विवर्तनाची सोय ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीवर आहे. ती १९८५ साली सुरू झाली.

भट्टीतला हिशेब

लिथियम कार्बोनेट आणि टायटॅनियम डायऑक्साइड बारीक वाटून, मिसळून हवेत तापवायचे, ही सर्वांत रुळलेली पद्धत. टायटॅनियम डायऑक्साइडचे एक मूळ खनिज इल्मेनाइट. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर वाळूत जो काळा पट्टा दिसतो त्यात ते आढळते. ७३.९ ग्रॅम कार्बोनेट आणि ७९.९ ग्रॅम डायऑक्साइड घेतले की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि सुमारे ११० ग्रॅम मेटाटायटॅनेट उरते. स्पिनेलसाठी प्रमाण बदलून दोन कार्बोनेटला पाच डायऑक्साइड घ्यायचे. तापमान बहुधा ८०० ते ९०० अंशांच्या आसपास.

गोम अशी की तापमान चढले की लिथियम वाफ होऊन निसटते. मेटाटायटॅनेट बनवताना लिथियम कमी पडले की वडीत स्पिनेलचे कण तयार होऊ लागतात. म्हणून अनुभवी माणूस सुरुवातीलाच लिथियम कार्बोनेट थोडे जास्त घालतो. उलट स्पिनेल फार तापवले, साधारण १०१५ अंशांच्या वर नेले, तर तेच फुटून त्यातून मेटाटायटॅनेट आणि टायटॅनियम जास्त असलेले दुसरे एक संयुग वेगळे होते.

संमीलनासाठी ट्रिटियम

संमीलनाच्या अणुभट्टीला ड्यूटेरियम आणि ट्रिटियम लागतात. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे, त्यामुळे निसर्गात त्याचा साठा राहत नाही. तो अणुभट्टीतच तयार करावा लागतो. वर जो लिथियम-६ अडचणीचा वाटला तोच इथे कामाला येतो. न्यूट्रॉन गिळल्यावर त्याचे ट्रिटियम आणि हेलियम होतात आणि ४.८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते.

या कामासाठी मेटाटायटॅनेट निवडतात, कारण त्यात लिथियमचे प्रमाण स्पिनेलपेक्षा जास्त आहे, ते सुमारे १५०० अंशांपर्यंत वितळत नाही आणि हवेतल्या ओलाव्याने फारसे बिघडत नाही. त्याच्या साधारण एक मिलिमीटर व्यासाच्या गोळ्या करून त्यांचा थर रचतात आणि त्यातून हेलियम फिरवून ट्रिटियम गोळा करतात. फ्रान्समध्ये कादाराश इथे उभारल्या जाणाऱ्या ‘ईटर’ प्रकल्पात भारत भागीदार आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा अनुसंधान संस्थेने आखलेल्या एलएलसीबी या संकल्पनेत वितळलेल्या शिसे-लिथियमच्या जोडीला याच गोळ्यांचा थर आहे. अशा गोळ्या बनवण्याच्या पद्धतींवर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही काम झाले आहे.

इथे सिरॅमिक घट्ट भाजून चालत नाही. गोळी अगदी भरीव झाली तर ट्रिटियम आतच अडकून राहतो. तो आधी स्फटिकातून कणाच्या कडेपर्यंत आणि मग बारीक छिद्रांतून बाहेर यायला हवा. म्हणून कण लहान ठेवतात आणि घनता सैद्धांतिक ३.४३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या साधारण ८० ते ९० टक्क्यांवरच थांबवतात. शिवाय वापरात लिथियम सतत खर्च होत जाते आणि भट्टीसारखीच इथेही स्पिनेल उगवण्याची परिस्थिती तयार होते. जपानमध्ये यासाठी दोनापेक्षा जास्त लिथियम मुद्दाम सामावलेले मेटाटायटॅनेट विकसित केले आहे, म्हणजे काही लिथियम जळून गेल्यावरही थरांची मूळ रचना टिकून राहते.